पिकाचू पळवायचा असेल तर

पोकेमॉन डॅश हा शर्यतीचा खेळ आहे, पण त्यात गाडी नाही, स्टिअरिंग नाही, की रेस द्यायला बटण नाही. पळतो तो पिकाचू, आणि त्याला पळवायचं साधन एकच : टचस्क्रीनवर ओढायचा पेन. ज्या दिशेला पेन ओढाल त्या दिशेला तो धावतो, ओढायचं थांबलात की रेंगाळतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या पाच मिनिटांत मनगट बोलायला लागतं, पिकाचू झाडीत अडकलेला असतो आणि बाकीचे केव्हाच पुढं निघून गेलेले असतात. बरेच जण तिथंच खेळ बंद करून डबीत टाकतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांच्या हाती हा खेळ नुकताच, बहुधा जुन्या बाजारातून किंवा परदेशातल्या नातेवाइकांच्या कपाटातून, आला आहे त्यांच्यासाठीही.

निन्टेंडो डीएस हा दोन पडद्यांचा, मधून दुमडणारा कन्सोल जपानमध्ये २ डिसेंबर २००४ रोजी विक्रीला आला आणि त्याच दिवशी पोकेमॉन डॅशही आला. युरोप-अमेरिकेत खेळ पोचला मार्च २००५ मध्ये. डीएसवरचा हा पहिला पोकेमॉन खेळ. तो बनवला ॲम्ब्रेला या जपानी स्टुडिओनं. याच मंडळींनी १९९८ मध्ये ‘हे यू, पिकाचू!’ हा खेळ काढला होता. त्यात माइकमध्ये बोलून पिकाचूला हाका मारायच्या. म्हणजे बटणांखेरीज दुसऱ्या कशानं तरी खेळवण्याची हौस यांना जुनीच. आपल्याकडे २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन लागायचं. ते बघत वाढलेली पोरं आता तिशी-पस्तिशीत आहेत, पगार मिळवतात, आणि लहानपणी जे मिळालं नाही ते जुन्या बाजारात शोधतात. त्या यादीत डॅशचं नाव हटकून येतं, कारण डब्यावर पिकाचू आहे आणि इतर पोकेमॉन खेळांच्या मानानं तो स्वस्तात मिळतो. स्वस्त का, हेही सांगतो : समीक्षकांना तो आवडला नव्हता. मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी शंभरात पन्नासच्याही खाली आहे. शर्यती थोडक्या, खेळाडू म्हणून पिकाचूशिवाय दुसरा कुणी निवडता येत नाही, आणि हात दुखतो, या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही हात बसला की यात मजा आहे, पण तो बसेपर्यंत कुणी थांबत नाही.

आधी कन्सोलचं बघू, कारण या खेळात निम्मं यश टचस्क्रीनच्या तब्येतीवर आहे. डॅश मूळ डीएसवर चालतो, डीएस लाइटवर, डीएसआयवर आणि नंतरच्या थ्रीडीएस-टूडीएसवरही चालतो. डीएसच्या खेळांवर देशाचं बंधन नाही, त्यामुळे जपानी कार्ड अमेरिकन कन्सोलमध्ये बिनदिक्कत घाला. माझी पसंती डीएस लाइटला. पडदा मूळ डीएसपेक्षा उजळ आहे आणि पेन लांब नि जाड आहे. पेनाची लांबी हा इथं फालतू मुद्दा नाही. मूळ डीएसचा पेन मोठ्या माणसाच्या हातात दिसतसुद्धा नाही. लाइटची खोड एकच : उजव्या बाजूचं बिजागर तडकतं. घेताना झाकण उघडून तो कोपरा उजेडात धरा. केसाएवढी भेग दिसली तर विकणाऱ्याला दाखवा आणि भाव पाडा. याउलट वरच्या कडेची एल आणि आर बटणं मेलेली असतील तर या खेळापुरतं काही बिघडत नाही. लाइटमध्ये ती लवकर जातात आणि विकणारा ती गोष्ट लपवतो, एवढंच.

थ्रीडीएसवर खेळणार असाल तर एक युक्ती. खेळ सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट बटण दाबून धरलं तर चित्र मूळ आकारात, थोडं लहान पण स्वच्छ दिसतं. न दाबता सुरू केलं तर ते ताणून मोठं होतं आणि पिकाचूच्या कडा पुसट होतात.

आता चार्जर. इथं घाई करू नका. अमेरिकेतून आलेल्या डीएसबरोबरच्या निन्टेंडोच्या चार्जरवर इनपुटपुढं १२० व्होल्ट छापलेलं असतं, जपानमधल्या बऱ्याच चार्जरवर १००. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. मोबाइलचे चार्जर १०० ते २४० पर्यंत काहीही चालवून घेतात, म्हणून आपल्याला वाचायची सवयच राहिलेली नाही. पिनेला अडॅप्टर लावला की झालं असं वाटतं. अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. चार्जर जळतो, कधी कन्सोललाही घेऊन जातो. त्यामुळे कन्सोल हाती आला की सर्वांत आधी चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो मिळेल, आणि डीएसच्या चार्जरला अगदी थोडे वॅट लागत असल्यानं सगळ्यांत छोटा पुरतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे डीएस लाइटसाठी मिळणारी यूएसबी केबल. ती घरातल्या साध्या मोबाइल चार्जरला जोडता येते. केबल मागताना मॉडेल नीट सांगा. मूळ डीएसची पिन वेगळी, लाइटची वेगळी, डीएसआय आणि थ्रीडीएसची तिसरीच. पाठीमागचं बॅटरीचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका, आधी बॅटरी बदला.

कन्सोल चालू झाला की खेळ घालण्याआधी टचस्क्रीन तपासा. डीएस, लाइट आणि डीएसआयमध्ये पिक्टोचॅट नावाची सोय मुळातच असते. तिच्यात चित्र काढून दुसऱ्या डीएसवर पाठवता येतं. पाठवायला कुणी नसलं तरी चालेल, आपल्याला ती वही म्हणून हवी आहे. तिच्यात जा आणि हळू हातानं आडव्या रेघा ओढा, डावीकडून उजवीकडे, मग उभ्या, मग दोन्ही कर्ण. रेघ मध्येच तुटते का? पेन जिथं टेकवला तिथंच उमटते, की बोटभर बाजूला? एखाद्या पट्ट्यात काहीच उमटत नाही का? रेघ सरकून उमटत असेल तर घाबरू नका. सेटिंगमध्ये टचस्क्रीन जुळवून घेण्याची सोय आहे. दाखवलेल्या खुणांवर पेनाचं टोक नेमकं टेकवायचं, बस. रेघ तुटत असेल किंवा न टेकवता आपोआप ठिपके पडत असतील तर बहुतेकदा पडद्याच्या कडेला, चौकटीच्या फटीत धुळीचा खडा अडकलेला असतो. कन्सोल बंद करा, जाड कागदाचा कोपरा फटीतून अलगद फिरवा, मऊ ब्रशनं झाडा. पाणी किंवा काच पुसायचं द्रव्य थेट पडद्यावर उडवू नका.

एवढी काळजी कशाला, तर या पडद्याची जात मोबाइलच्या पडद्यापेक्षा वेगळी आहे. मोबाइलला बोटाची विद्युतधारणा कळते, नुसता स्पर्श पुरतो. डीएसच्या पडद्यात एकमेकांपासून किंचित दूर असलेले दोन थर असतात. पेनाच्या दाबानं वरचा मऊ थर खालच्याला टेकतो आणि कुठं टेकला ते कन्सोलला समजतं. म्हणून इथं नख चालतं, पेनाचं टोक चालतं, हातमोजा घातलेलं बोटही चालतं, पण एका वेळी एकच जागा कळते. तळहाताचा काठ पडद्यावर टेकला तर पेन आणि हात यांच्यात गोंधळ उडून पिकाचू भलतीकडे पळतो. हात अधांतरी ठेवा किंवा करंगळी चौकटीवर टेका, पडद्यावर नको. वरचा थर प्लास्टिकचा, त्यामुळे ओरखडे पडतात. डॅशमध्ये तर दिवसभर घासाघीसच. म्हणून पातळ, मऊ फिल्म लावून घ्याच. दुकानदार मोबाइलची टेम्पर्ड ग्लास कापून देतो म्हणेल. नको. काच वाकत नाही, दाब खाली पोचत नाही, आणि टचस्क्रीन मेल्यासारखी होते. पेन हरवला असेल तर बॉलपेनची रिकामी नळी वापरायचा मोह टाळा, तिच्या धातूच्या टोकानं एका संध्याकाळीत पडदा खराब होईल.

आता शर्यत.

डॅशमध्ये आखलेला रस्ता नाही. मोकळं बेट असतं, त्यावर ठिकठिकाणी चेकपॉइंट असतात, आणि ते ठरलेल्या क्रमानं गाठायचे. एकापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. नवे खेळाडू इथंच फसतात. बाण दाखवतो त्या दिशेला नाकासमोर सरळ पळत सुटतात. मध्ये झाडी येते, वाळू येते, दलदल येते, पाणी येतं, आणि प्रत्येक ठिकाणी पिकाचूचा वेग पडतो. मग वेग भरून काढायला पेन आणखी जोरात घासतात. जमीन वाईट असेल तर जोर लावून फार फरक पडत नाही, हात मात्र थकतो. चेकपॉइंटची दिशा लक्षात ठेवा, पण पाय चांगल्या जमिनीवर ठेवा. मोकळ्या पायवाटेनं घातलेला वळसा झाडीतून काढलेल्या सरळ रेघेपेक्षा बहुतेक वेळा लवकर पोचवतो. काही ठिकाणी एखाद्या प्रकारच्या जमिनीवर वेग टिकवणारी मदत उचलता येते. ती हाती असेल तेव्हा हिशेब उलटतो, आणि एरवी टाळायचा तुकडा मुद्दाम आडवा कापायचा. म्हणजे ती उचलण्याआधी पुढं कोणती जमीन आहे हे ठाऊक पाहिजे. यासाठी नवीन बेटावरची पहिली शर्यत हरायचीच आहे असं समजून पळा. कुणाच्या पुढं जायचं डोक्यात आणू नका. चेकपॉइंट कुठं आहेत, कुठं पाणी, कुठं वाट, एवढंच बघत फिरा. दुसऱ्या खेपेला तुमचा नंबर आपसूक वर येईल.

हाताचं तंत्र मात्र बसवावं लागतं. काडेपेटीवर काडी ओढावी तसा पेन ओढायचा : आखूड, एकाच दिशेला, झटकन, आणि लगेच उचलायचा. ‘उचलायचा’ हा शब्द अधोरेखित करा. बहुतेक जण पेन न उचलता मागं-पुढं घासतात. पुढचा ओढा पिकाचूला पुढं नेतो आणि परतीचा ओढा त्याला उलट दिशेची आज्ञा देतो. पोरं म्हणतात, “हा अडखळतोय.” अडखळत नाही, तुम्ही त्याला एकाच दमात जा आणि ये म्हणताय. ओढा, उचला, पुन्हा सुरुवातीच्या जागी टेकवा, ओढा. सुरुवात पडद्याच्या मध्याजवळ करा. कडेपर्यंत लांब रेघ मारण्यात वेळ जातो, आणि पेन चौकटीला आपटतो तो वेगळाच. ओढ्यांची लय सारखी ठेवा. सुरुवातीच्या शिट्टीलाच जीव तोडून घासलं की अर्ध्या शर्यतीत हात गळतो, आणि नेमका शेवटच्या चेकपॉइंटच्या आधी.

वळताना दिशा टप्प्यानं बदला. वर जाताना उजवीकडे वळायचं असेल तर एक-दोन ओढे तिरके घ्या, मग आडवे. एकदम काटकोनात ओढलं तर पिकाचू वळणाबाहेर जातो आणि शेजारच्या गवतात शिरतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यांना खालून वर ढकलणारा ओढा जड जातो, कारण पेन टोकाकडून ढकलला जातो आणि फिल्मवर अडतो. पेन थोडा आडवा धरा, टोक मागं ओढल्यासारखं ठेवा, अडणं कमी होईल. डावखुऱ्यांना इथं कसलीच अडचण नाही. पडद्यावर कुठंही ओढा, खेळाला सारखंच.

काही शर्यती हवेतून जातात. पिकाचू फुग्यांचा घोस धरून उडतो आणि खाली उतरायचं तर पेनानं फुगे टोचून फोडायचे. इथं घासणं बंद, टोचणं सुरू. हात आपल्या सवयीनं घासतच राहतो आणि नको तेव्हा फुगे फुटतात. उडालात की आधी पेन पडद्यावरून उचला, खालचं बेट बघा, पोचायची जागा जवळ आली की मगच एकेक फुगा फोडा. घाईनं सगळे फोडलेत तर समुद्रात उतराल. उशीर केलात तर जागा मागं राहील आणि उतरल्यावर चालत परत यावं लागेल. हवेतला भाग नीट जमला तर बराच वेळ वाचतो, त्यामुळे सरावाला बसायचं असेल तर अशाच शर्यतीवर बसा.

डॅशमधली सगळ्यांत गमतीची गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, कारण ती वापरायला दुसरा खेळ लागतो. मूळ डीएस आणि डीएस लाइट यांच्या खालच्या बाजूला गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटची खाच असते. तिथं पोकेमॉन रुबी, सफायर, फायररेड किंवा लीफग्रीनची कॅसेट घातली की त्या खेळात तुमच्याबरोबर असलेले पोकेमॉन डॅशमध्ये बेटं होऊन येतात. म्हणजे त्या प्राण्याच्या चित्राच्या आकाराचं बेट, आणि त्यावर शर्यत. तुमच्या आवडत्या प्राण्याच्या पाठीवरून पिकाचू पळतोय, शेपटाच्या टोकाला चेकपॉइंट आहे, हा प्रकार आजही मजेदार वाटतो. आणि बेटं संपण्याचा प्रश्न राहत नाही. संघातले पोकेमॉन बदला, नवी बेटं मिळतात. फक्त कॅसेट अस्सल हवी. नकली कॅसेट एरवी छान चालते पण डीएसचा खेळ तिला अनेकदा ओळखतच नाही. रुबी-सफायर सुरू करताना आतली बॅटरी संपल्याची सूचना आली तर फेकून देऊ नका. ती बॅटरी फक्त घड्याळासाठी असते, जपलेला खेळ शाबूत राहतो. डीएसआय आणि थ्रीडीएसला ही खाच नाही, त्यामुळे डॅशसाठी कुठला कन्सोल चांगला, हा प्रश्नच मिटला.

जवळजवळ बसून बिनतारी सहा जणांपर्यंत शर्यत लावता येते, इंटरनेट लागत नाही. पण आज सहा डीएस एका खोलीत जमवणं कठीण. घरात एकच कन्सोल असेल तर आळीपाळीनं खेळा आणि शर्यतीला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवा. मनगटालाही त्यामुळे मधे मधे विसावा मिळतो, आणि तो लागतोच.

मनगटाची बाब थट्टेवारी नेऊ नका. निन्टेंडोच्याच मारिओ पार्टी या खेळात कंट्रोलरवरची छोटी काडी तळहातानं गरागरा फिरवायची होती. मुलांच्या तळव्यांना फोड आले, तक्रारी झाल्या, आणि २००० साली न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलबरोबर समझोता करून कंपनीला संरक्षक हातमोजे देऊ करावे लागले. डॅशमध्ये फोड येत नाहीत, पण अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाच्या वरच्या बाजूला ताण येतो. पेन लिहिताना धरतो त्याहून सैल धरा. पडदा किती दाबायचा याचा अंदाज पिक्टोचॅटमध्येच घ्या, रेघ उमटण्यापुरता दाब पुरे, त्याहून जास्त जोर वाया जातो. दोन-तीन शर्यती झाल्या की पेन खाली ठेवा, मुठी उघडा-मिटा. लहान मुलांना सलग तासभर बसू देऊ नका. त्यांना दुखतंय हे सांगायचं भान राहत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर खेळ बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खेळाच्या कार्डाची निगा सोपी आहे. वाचत नसेल तर फुंकर मारू नका, तोंडातला दमटपणा धातूच्या पट्ट्यांना गंज आणतो. कानात घालतो तसली कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्या पुसा, पूर्ण वाळल्यावर घाला. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कन्सोल आणि कार्ड हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्मी भरलेली बरी.

घ्यावा का मग? घरात डीएस किंवा डीएस लाइट असेल, आणि शेजारी रुबी किंवा फायररेडची कॅसेट पडलेली असेल, तर डॅश जरूर घ्या, बेटांची गंमत एकटीच पैसे वसूल करेल. कन्सोल नसेल तर केवळ या खेळासाठी घेऊ नका. डीएसवर याहून चांगले खेळ ढिगानं आहेत, आधी ते खेळा. निन्टेंडोनं डॅश नंतर दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर पुन्हा काढला नाही, त्यामुळे मिळेल तो जुनाच मिळेल. म्हणून विकणाऱ्याकडून कार्ड घेताना ते तिथल्या तिथं घालून एक शर्यत पळून बघा, आणि पैसे द्यायच्या आधी चार्जर उलटा करून वाचायला विसरू नका.